पेजेचा टोप

आमच्या डिचोलीच्या घरात हल्ली एकच कप वापरात आहे. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यावर चिमूटभर खायचा सोडा घेऊन मी त्यावरचे चहाचे डाग काढतो. फ्रिजमध्ये वाटीभर सोडा उघडा ठेवलेला असतो. वास येण्याइतकं आत काही नसतं, तरी दोन-एक महिन्यांनी तो बदलतो आणि जुना मोरीत ओततो.

हे सगळं मला सुनेनं शिकवलं. माझी बायको गेली, त्यानंतर वर्षभरात ती सावंतवाडीकडून या घरात आली. "ॲल्युमिनियमाक तेवढो लावू नकात हां बाबा, काळा पडता," असं तिनं बजावलंही होतं.

ॲल्युमिनियमचा घरात एकच टोप होता. बायकोचा, पेजेचा. एके सकाळी सून बाजारात गेली असताना मी पेज चुलीवर ठेवली आणि बाहेर बाल्कांवात, दारापुढच्या बाकावर, पेपर वाचत बसलो. पेज करपली. ती यायच्या आत निस्तरावं म्हणून टोपात गरम पाणी ओतलं, वर चार चमचे सोडा घातला. करप निघाली, पण टोप आतून काळाठिक्कर पडला.

मुलगा दुपारी जेवायला आला. "आवयचो टोप कोणें काळो केलो?"

मी म्हटलं, "तिका विचार."

तो तिच्यावर ओरडला. सुनेनं माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या सोड्याच्या उघड्या डब्याकडे. "चुकला माझा," एवढंच म्हणाली.

पुढं मुलाला वास्कोच्या बंदरात नोकरी लागली, दोघं तिकडे गेली. फोनवर ती "जेवलात?" यापलीकडे काही विचारत नाही. गेल्या चवथीला मुलानं पाहुण्यांसमोर टोमणा मारला, "हिच्या हातांत आयदन दिवचें न्हय, टोप काळो करता!" सगळे हसले. ती मान खाली घालून नेवऱ्या वाढत राहिली. मी खात होतो. त्या पाहुण्यांनाही कळावं, म्हणून हे लिहितोय.

काल फोन केला. तिनंच उचलला.

"टोप हांवें काळो केल्लो," मी म्हटलं.

"माका म्हायत आसा, बाबा. आमसोलां घालून उकळा, उजळतलो."

"उकळतलों. पयलीं ताका फोन दी."

"आता कित्याक, बाबा?"

"दी गो."

मुलगा फोनवर आला. मी सगळं सांगितलं. मग त्याचा आवाज आला, पण तो माझ्याशी बोलत नव्हता. "तुवें म्हाका कित्याक सांगूंक ना गो?"

तिचं उत्तर मला ऐकू आलं नाही.