नागम्माचं पथ्य

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका वस्तीत नागम्माचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत कडक भाकऱ्यांच्या चळती रचलेल्या असतात, मागच्या खोलीत एक लोखंडी पलंग. भाकऱ्या दुकानांना जातात आणि त्यावर घर चालतं. पलंगावर मात्र नागम्मा कधी झोपत नाही. ती चटई टाकून जमिनीवर झोपते. पुरुषाच्या देहात जन्मून बाई म्हणून जगणाऱ्या मुली पुण्या-मुंबईला शस्त्रक्रिया करून येतात, त्यांतल्या ज्यांना घरचे दारात उभं करत नाहीत त्या या पलंगावर येऊन पडतात. सगळ्या तिला अव्वा म्हणतात. कानडीत आईला म्हणतात तसं.

नागम्माही त्याच वाटेनं आलेली. तिच्या वेळी ना दवाखाना होता ना भूल. सीमेपलीकडच्या एका गावात, बंद खोलीत, एका जुन्या जाणत्या दाईच्या हातानं ते झालं. नको तो अवयव काढून टाकायचा, एवढंच. पुढचं सगळं पथ्यावर. चाळीस दिवस अंथरूण सोडायचं नाही, आरशात पाहायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, गव्हाची लापशी आणि तूप खायचं, गरम तिळाच्या तेलाचा शेक घ्यायचा, आणि जखमेच्या वाटेला कुणी जायचं नाही. नागम्माच्या गुरूनं ते तिच्याकडून कडक पाळून घेतलं. तिच्याबरोबर आणखी एक मुलगी होती, ती मध्येच उठून गावी गेली आणि वाचली नाही. नागम्मा वाचली. आपण कशानं वाचलो याबद्दल तिच्या मनात तेव्हापासून तिळमात्र शंका नव्हती.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी एका संस्थेच्या हॉलवर या सगळ्यांची बैठक भरते. ऑपरेशन झालेल्या मुली होऊ घातलेल्यांना आपापला अनुभव सांगतात. कुठं दुखतं, कसं बसायचं, एसटीचे धक्के किती दिवसांनी सोसतात, लघवीला जळजळ झाली तर घाबरायचं की नाही. दवाखान्यात विचारायला जीभ रेटत नाही ते इथं विचारता येतं. नागम्मा बोलायला लागली की खुर्च्या पुढं सरकायच्या. ईरम्मा नावाची एक चेष्टेखोर मुलगी दर वेळी म्हणायची, की अव्वाच्या लापशीनं माझी जखम भरली खरी, पण एकही ब्लाऊज बसेना झाला. मग हशा. त्या हशानं नव्या मुलीच्या चेहऱ्यावरची भीती उतरायची, आणि नागम्माला वाटायचं, आपलं जगणं कारणी लागलं.

गेल्या हिवाळ्यात उत्कर्षा आली. ती मूळची जेऊरची, बी.कॉम. झालेली, चादरींच्या एका व्यापाऱ्याकडे बिलिंगला होती. वडिलांनी नाव टाकलं होतं. पुण्यात तिची मोठी शस्त्रक्रिया झाली. नुसतं काढणं नव्हे, तर बाईच्या अंगासारखी नवी वाट आत तयार केलेली. असं ऑपरेशन होऊन त्या पलंगावर आलेली ती पहिलीच. येताना तिच्या पिशवीत एक डबा होता. डब्यात लहान-मोठ्या जाडीच्या गुळगुळीत कांड्या. त्यांना डायलेटर म्हणतात. नर्सनं तिला बजावून सांगितलं होतं की रोज ठरल्या वेळी, दुखलं तरी, हे आत घालून ठेवायचं. कंटाळा करायचा नाही.

पहिले काही दिवस उत्कर्षानं ते केलं. मागच्या खोलीचं दार लोटून ती पलंगावर पडायची आणि नागम्मा पुढं भाकरी थापत असायची. आतून आधी कण्हणं यायचं, मग तोंडात उशी कोंबल्याचा आवाज. एका सकाळी कापडावर रक्त दिसलं. नागम्मा पिठाच्या हातानंच आत आली आणि तिनं डबा उचलून फळीवर ठेवला.

"जखम हाय ती पोरी," ती म्हणाली. "जखमेला रोज उकरलं तर ती भरंल कशी? शरीराला गप पडू दे जरा."

"पण डॉक्टर म्हणाल्या होत्या..."

"डॉक्टर कापायला हुशार. उठवून बसवायला मीच हाय. किती पोरी उठवल्या या पलंगावरनं, इचार की कुणालाबी."

उत्कर्षानं विचारलं नाही. तिला विचारायचंही नव्हतं. कळ थांबली होती, कपाळावर हात फिरत होता, तोंडात लापशीचा चमचा येत होता. कितीतरी वर्षांत तिला कुणी असं भरवलं नव्हतं. दवाखान्यातून फोन आला की ती हो, करते आहे, सगळं ठीक आहे, असं सांगायची. पथ्यात प्रवास नको म्हणून पहिली तपासणीही पुढं ढकलली. जखम वरून सुरेख भरत होती. नागम्मा रोज पाहायची आणि मनोमन देवीला हात जोडायची.

चाळिसाव्या दिवशी पथ्य सुटल्याची हळद झाली. ईरम्मा आणि इतर मुली जमल्या, ढोलकी आणली, उत्कर्षाला न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली आणि मग आरसा दाखवला. स्वतःला पाहून ती इतकी रडली की काजळ पुन्हा घालावं लागलं. नागम्माला तो दिवस फार मोठा वाटला.

पुढच्याच आठवड्यात दोघी पुण्याला तपासणीला गेल्या. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. तपासून झाल्यावर त्यांनी हातमोजे काढले. मग त्यांनी समजावून सांगितलं. नव्यानं केलेली वाट शरीराला जखमच वाटते, आणि जखम बुजवणं हा शरीराचा धर्म. ती बुजू नये म्हणूनच त्या कांड्या होत्या. आता ती वाट आतून जवळजवळ मिटली आहे. राहिली आहे तेवढी टिकवायला आता रोज करावं लागेल, आणि आता ते आधीपेक्षा जास्त दुखेल. गेलेली परत हवी असेल तर वर्षभरानं आतड्याचा तुकडा घेऊन पुन्हा शस्त्रक्रिया. ती या शस्त्रक्रियेहून मोठी असते आणि खात्री कुणी देऊ शकत नाही.

"तुम्हाला कांड्या बंद ठेवायला कुणी सांगितलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," उत्कर्षा म्हणाली. "मलाच सोसत नव्हतं."

नागम्मा शेजारच्या खुर्चीवर होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. सोबत आलेली म्हातारी, एवढीच तिची तिथं ओळख होती.

परतीच्या गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. तिच्या गावचं, जेऊरचं स्टेशन आलं तशी उत्कर्षानं ओढणी डोक्यावर घेतली आणि खिडकीकडे पाठ केली. गाडी हलेपर्यंत ती तशीच बसून होती. नागम्माला वाटलं, हिनं आपल्याला दोन शिव्या द्याव्यात, निदान तू असं का केलंस एवढं तरी विचारावं. उत्कर्षानं पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं तिच्या हातावर ठेवलं. नागम्मानं ते तसंच पदरात बांधून ठेवलं.

तिच्या वेळी आत वाट अशी केलीच नव्हती. मिटायला काही नव्हतंच. जखम भरली की माणूस वाचलं, इतका साधा हिशेब होता. ऑपरेशन बदललं आणि पथ्य तेच राहिलं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता ध्यानात आलं तर हातात काही उरलं नव्हतं.

पुढच्या बैठकीत तिनं सांगायचं ठरवलं. अकलूजची प्रियदर्शनी नावाची मुलगी तिथं आली होती. तिचं उत्कर्षासारखंच ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. तिला सांभाळणार होती अकलूजचीच केराबाई. तीही काही वर्षांपूर्वी जुन्या पद्धतीचं ऑपरेशन करून नागम्माच्याच पलंगावर चाळीस दिवस काढून गेलेली. नागम्मा उभी राहिली आणि जे झालं ते तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. मी डबा उचलून ठेवला, माझ्यामुळं पोरीचं वाटोळं झालं, नव्या ऑपरेशनला माझं पथ्य लावू नका, डॉक्टर सांगतील ते करा.

मग ईरम्मा उठून तिच्या गळ्यात पडली. सगळ्या तिची समजूत घालू लागल्या. अव्वा, तुम्ही किती मनाला लावून घेता. त्या डॉक्टरांना दुसरं ऑपरेशन करायचं असणार. उत्कर्षाचं अंगच नाजूक. आम्ही नाही का बऱ्या झालो तुमच्या हातानं? उत्कर्षानं स्वतः उठून सांगितलं की अव्वा म्हणतात ते खरं आहे, मला आत काय झालंय ते मला माहीत आहे. त्यावर एकजण म्हणाली, की बघा, पोरगी किती गुणाची, अव्वाचा शब्द खाली पडू देत नाही. वीस वर्षं नागम्मा जे सांगेल ते या मुलींनी डोळे मिटून मानलं होतं. आज ती पहिल्यांदा उलटं सांगत होती आणि आज तिचं कुणाला खरं वाटत नव्हतं.

केराबाई हसली. "अव्वा, तुमी म्हाताऱ्या झालासा. तुमचंच पथ्य तुमी इसरलासा तरी आमी न्हाय इसरायचो." प्रियदर्शनी दोघींकडे आळीपाळीनं पाहत राहिली. तिला काय वाटलं ते कळलं नाही.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. प्रियदर्शनी अकलूजला आल्याचं कळल्यावर नागम्मानं फोन लावला. केराबाईचा आवाज खुशीत होता.

"पोरगी लई आरडत हुती अव्वा. ते नळकांडं दिलं ठिवून. आता कशी गप झोपलीय बगा."

"केरा, तुझ्या पाया पडते. ते चालू कर."

"तुमीच की शिकीवलं. मी जगले न्हवं त्याच्यावर?"

"तुझं येगळं व्हतं. माझंबी येगळं व्हतं. हिचं येगळं हाय."

"बाईचं अंग ते बाईचं अंग," केराबाई म्हणाली. "तुमी काळजी करू नगा. हळदीला या." तिनं फोन ठेवला. नंतर लावला तर उचलला नाही.

मागच्या खोलीतून उत्कर्षा हळूहळू बाहेर आली. डब्याचं तिचं रोजचं काम नुकतंच आटोपलं होतं. चेहरा पांढरा पडला होता आणि चालताना ती भिंतीला हात लावत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मी जाते अकलूजला," ती म्हणाली. "मी दाखवते प्रियदर्शनीला, कसं करायचं ते."

नागम्मा लगेच उठली. लुगड्याचा पदर खोचून ती पिशवीत भाकऱ्या भरू लागली, स्वतःचं एक लुगडंही टाकलं. उत्कर्षानं ते लुगडं पिशवीतून बाहेर काढून घडी करून ठेवलं.

"तुम्ही नका येऊ अव्वा."

"का गं?"

"तुम्ही शेजारी दिसलात की त्या दोघींना पथ्यच आठवेल. तुम्ही कितीही नाही म्हणालात तरी." तिच्या बोलण्यात राग नव्हता. "आणि ती ओरडली की तुम्हाला राहवणार नाही."

नागम्मानं खोचलेला पदर सोडला. तिनं शेंगाचटणीची पुडी भाकऱ्यांवर ठेवली, पिशवीला गाठ मारली आणि एसटी स्टँडपर्यंत सोबत गेली. गाडीची पायरी चढताना उत्कर्षानं कमरेला हात लावून डोळे मिटले, मग चढली. त्या गाडीच्या धक्क्यांत तिला किती दुखणार हे नागम्माला ठाऊक होतं. तेवढं एक तिला अजूनही नक्की ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. उत्कर्षा हळू आवाजात बोलत होती. केराबाई आधी तोंडाला येईल ते बोलली, मग उत्कर्षानं आपलं सगळं तिला उघडपणे सांगितलं, तपासणीचे कागद दाखवले, तेव्हा ती तणतणत बाहेर जाऊन बसली. प्रियदर्शनी तयार झाली आहे. उशीर किती झालाय ते पुण्याला दाखवल्याशिवाय कळायचं नाही. आता आम्ही सुरुवात करतो. फोन चालू ठेवते, तिला तुमचा आवाज ऐकायचा आहे.

"काय बोलू मी?" नागम्मा म्हणाली.

"काही पण बोला. फक्त थांब म्हणू नका."

मग फोन पलंगावर ठेवल्याचा आवाज आला. उत्कर्षा त्या मुलीला श्वास सोडायला सांगत होती, अजून, अजून, घाई नाही. नागम्मा तव्यासमोर बसून बोलू लागली. ज्वारी कुठून आणली, आज भाकरी कशी फुगत नाही, ईरम्मानं कुठला नवा ब्लाऊज शिवला, असलं काहीबाही. पलीकडून पहिली किंकाळी आली तसं तिचं बोलणं तुटलं. दुसरी आली. सोड पोरी, राहू दे, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. तिनं पदराचा बोळा करून तोंडात घातला, दोन्ही हातांनी दाबून धरला, आणि तव्यावरची भाकरी जळत असताना फोनकडे पाहत बसून राहिली.