सायबिणीच्या कपाळावरची पिंजर

मी कारापूरची, लग्न होऊन गोव्यातल्याच चोपड्याला आले. माहेरी आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, सगळे हिंदूच, त्यामुळे इथे कुंपणापलीकडे ख्रिस्तांव शेजार बघून सुरुवातीला मी जरा बिचकूनच होते. सासूबाई मात्र ऊठसूट त्या घरात. तिथल्या म्हातारीला सगळे माय म्हणत, आणि माय सासूबाईंना वयनी म्हणायची. एकीकडे माशांचे हुमण शिजले की दुसरीकडे वाटी गेलीच म्हणून समजा.

पाऊस सरला की त्यांच्या वाड्यावर सायबीण फिरायची. सायबीण म्हणजे मेरी माता, लाकडी पेटीतली हातभर उंचीची मूर्ती. प्रत्येक घरी तिचा एक दिवस मुक्काम. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला माणसे मेणबत्त्या घेऊन जमायची, जपमाळेची प्रार्थना म्हणायची, उकडलेले चणे खायची आणि गात गात तिला पुढच्या घरी न्यायची.

त्या वर्षी ती मायच्या घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मायच्या सुनेला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून अवकाश होता. नवरा बोटीवर, वास्कोहून निघालेला, कुठल्या समुद्रात होता कोण जाणे. मायने सुनेला फेरीबोटीत घालून नदीपलीकडे नेले, म्हापशाच्या इस्पितळात. जाताना सासूबाईंना एवढेच सांगून गेली, की सायबिणीपुढची मेणबत्ती विझू देऊ नको.

आता एवढेच करायचे होते. पण आमच्या सासूबाई नुसत्या बसतील तर ना! दुपार झाली तरी निरोप नाही, त्यांचा जीव थाऱ्यावर नाही. उठल्या, घरी आल्या, नारळ, खण, तांदूळ आणि पिंजरेचा करंडा घेऊन परत निघाल्या. पिंजर म्हणजे कुंकू. मी म्हटले, अहो, त्यांच्यात असे चालत नाही. तर माझ्यावरच डोळे वटारले.

"घराक इलेली बाई ओटी भरल्याशिवाय कशी धाडू?"

ओटी भरली ती भरली, वर कपाळाला पिंजर लावली. तीही आपल्या जुन्या पद्धतीने, आधी मेण आणि मेणावर पिंजर, म्हणजे दिवसभर हलायला नको. मेण समोर आयते होतेच. मग हात जोडून कितीतरी वेळ पुटपुटत राहिल्या.

थोड्या वेळाने पुढच्या घरची बाई डोकावली. तिने मूर्ती पाहिली आणि कपाळालाच हात लावला. म्हणाली, आज फादर स्वतः येणार आहेत, नवे आहेत आणि कडक आहेत. सायबिणीची अशी विटंबना दिसली तर या घरात ती परत पाऊल टाकायची नाही.

सासूबाईंचे तोंड खर्रकन उतरले. पदराने पुसायला गेल्या, तर मेण पसरले आणि पिंजर भुवयांपर्यंत गेली. जितके पुसावे तितके लाल. मला आधी राग आला होता, पण आता तो कुठल्या कुठे गेला. आयुष्यभराचा शेजार, आणि मायच्या घरची सायबीण आपल्यामुळे बंद व्हायची!

तिन्हीसांजेला माणसे आली, फादर आले. चण्यांच्या टोपाशी उभी असलेली मी जमिनीत शिरायला जागा शोधत होते. फादरांनी विचारले, हे कोणी केले? सासूबाई पुढे झाल्या. हे मी केले, म्हणाल्या, मायचा यात काही दोष नाही, ती इथे नव्हतीच.

फादरांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. "काय मागितलंत तिच्याकडे?"

"पोर सुखरूप सुटूंदे. आणखी काय मागतलंय?"

मान हलवून फादरांनी प्रार्थना सुरू केली. सासूबाई दाराशी उभ्या राहिल्या, आत जाईनात आणि घरीही येईनात. प्रार्थना संपत आली आणि माय फेरीच्या धक्क्यावरून चालत आली. चप्पल हातात, डोळे सुजलेले. दारात सासूबाई दिसताच तिने त्यांचा दंड धरला. मुलगी झाली होती, इवलीशी, पण बाळ-बाळंतीण दोघीही बऱ्या होत्या. दोघी म्हाताऱ्या तिथेच उंबऱ्यावर बसून रडायला लागल्या आणि माझाही जीव भांड्यात पडला.

पुढच्या घरची बाई ओले फडके घेऊन मूर्तीकडे निघाली होती. फादरांनी तिला हाताने थांबवले.

"तिने ऐकलं ना? मग आता पुसायचं कशाला?"

तशीच लाल कपाळाची सायबीण मायच्या घरून निघाली. पेटी त्याच बाईने उचलली. उरलेल्या सगळ्या घरी ती तशीच फिरली.

पुढच्या वर्षी तिला नवा रंग दिला होता. मायच्या घरी मुक्काम आला त्या सकाळी माय नातीला कडेवर घेऊन कुंपणापाशी आली आणि सासूबाईंना हाक मारली.

"वयनी, ओटी भरूक ये. मेण मात्र घरीच ठेव."