बुधवारी दाखवायचं घर

आम्हाला घर विकायचं नव्हतं. आम्हाला यांना खाली आणायचं होतं.

चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलेलं. दवाखान्यातून आणलं तेव्हा जावयानं आणि मी दोन्हीकडून धरून कसंबसं वर चढवलं. दोनदा तोल गेला, दुसऱ्यांदा तर आम्ही तिघंही जिन्यात बसलो. डॉक्टरांनी ऐकलं आणि सांगितलं, आता जिना बंद. तो आठ महिने बंदच राहिला. सुरतेत आल्यापासून संध्याकाळी रस्त्यावर एक चक्कर मारल्याशिवाय ज्या माणसाला जेवण गेलं नाही, तो गॅलरीच्या गजांतून खालच्या रिक्षा मोजत बसू लागला. मला ते बघवत नसे.

मुलगी अमरोलीला असते. तिनं कोसाडमध्ये तळमजल्यावरच्या दोन खोल्या शोधल्या. दार उघडलं की रस्ता. मालक जावयाच्या ओळखीचा, त्यानं दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं. हे घर विकल्याशिवाय ते घेता येणार नव्हतं, आणि घर विकायचं म्हणजे दलाल आला.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवलं. चौकशी करणं हा माझा धंदाच होता, आणि निवृत्त झाले तरी खोड गेलेली नाही. "तुला फुकटच्या चौकशा फार," असं हे लग्नापासून म्हणत आलेत. त्यामुळे दलाल निवडायचा म्हटल्यावर मला खरं सांगायचं तर थोडा उत्साहच आला. आयुष्यात घर एकदाच घेतलेलं, विकलेलं कधीच नाही. ही माणसं करतात तरी काय, हे मला बघायचं होतं.

पहिल्यांदा उधन्याकडच्या एका काचेच्या ऑफिसातला मुलगा आला. नीट इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाइल. त्यानं जमिनीवर जवळजवळ आडवं होऊन आमच्या खोल्यांचे फोटो काढले. नंतर ते दाखवले, तर स्वयंपाकघरात क्रिकेट खेळता येईल एवढं दिसत होतं. हे बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "हे कुणाचं घर?" जिन्याबद्दल काय लिहिलं, म्हणून मी विचारलं. मुलानं वाचून दाखवलं, "टॉप फ्लोअर, भरपूर हवा-उजेड." जिना त्यानं लिहिलाच नव्हता.

दुसरे आले ते यांचे भाऊबंद, धुळ्याकडचे. "घरचंच समजा वहिनी," म्हणत पुरणपोळी जेवले. जेवण झाल्यावर कळलं की त्यांचाच कडोदऱ्याचा एक प्लॉट कधीपासून पडून आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी तोही दाखवावा अशी त्यांची इच्छा आहे. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मी त्यांना बडीशेप दिली आणि चपला कुठे काढल्यात ते दाखवलं.

तिसरी बाई. ती आमच्या इमारतीत आधीपासूनच येत असे, पण दलाल म्हणून नव्हे. मोपेडवर साड्यांचे गठ्ठे लादून ती गल्लोगल्ली फिरते. घरोघरच्या बायकांना लेस लावायला, खडे चिकटवायला साड्या देते आणि दोन दिवसांनी घेऊन जाते. घरं विकून देण्याचं काम त्यातूनच सुरू झालं होतं. मी तिला विचारलं, "ताई, कुणाला घर हवंय हे तुम्हाला कसं कळतं?"

"बाई, साडी कोठे बसीसन करतस ते दखस ना मी," ती अहिराणीत म्हणाली. बायका साडी घेऊन बसतात कुठे, यावरून तिला कळायचं. आधी खोलीत बसणारी सून ओट्याखाली बसायला लागली, की त्या घरात जागा कमी पडू लागली. जिन्यात बसायला लागली, की महिन्याभरात वेगळं घर बघणार. मला हे इतकं आवडलं की मी तिथल्या तिथे तिला काम दिलं. मुलगी फोनवर ओरडली, "आई, हा काय इंटरव्ह्यू झाला?" मी म्हटलं, हो, आणि ती पहिली आली.

तिनं खोल्या बघितल्याच नाहीत. यांच्यासमोर बसली आणि विचारलं, "दादा, घर कोना नाववर शे?" घर यांच्या नावावर. मग कागद मागितले, सोसायटीची पावती बघितली आणि मला दोन नियम सांगितले. पहिला, गिऱ्हाइकाच्या घरातली बाई आधी येणार, पुरुष नंतर. "घर बाई पसंत करस, माणूस फक्त सही करस." दुसरा, बोलायचं ते तिनं, मी फक्त चहा करायचा. दुसरा नियम मला जड गेला, पण मी मान डोलावली.

गिऱ्हाइकं येऊ लागली. बायका यायच्या, ओटा बघायच्या, गॅलरीत उभ्या राहायच्या, यांच्याकडे बघून आवाज खाली करायच्या. माझं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. सगळ्या बुधवारी येत होत्या. एक बुधवार, दोन बुधवार, तिसराही बुधवार. मला वाटलं, हिचा काही नेम असेल. विचारलं तर म्हणाली, "बुधवार चांगला." म्हटलं, कशासाठी चांगला? तर तिनं चहात साखर कमी आहे असं सांगितलं.

चौथ्या बुधवारी एक चुणचुणीत बाई आली. तिनं न्हाणीघराच्या नळापासून सगळं तपासलं आणि मागची खिडकी उघडून विचारलं, "इकडे काय आहे?" दलालताई एकदम म्हणाली, "बाई, जरा पाणी द्या." मी पाणी आणायला वळले आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मला घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना आहे. त्याची सुट्टी बुधवारी. बाकीचे सहा दिवस तो असा चालतो की ताटातली वाटी आपोआप सरकते. पण तीस वर्षांत तो आवाज आम्हाला ऐकू येणंच बंद झालं होतं. नव्या माणसाला तो ऐकू येईल, हे मला सुचलं नाही. ताईला पहिल्याच दिवशी सुचलं होतं.

शाळेत मी पोरांना एवढंच शिकवलं की नाही, की लपवलं म्हणजे खोटंच झालं? मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्या बाईला सांगितलं, "कारखाना आहे. आज बंद आहे. उद्या या आणि ऐका." ती दुसऱ्या दिवशी आली. दुसऱ्या मजल्यावरूनच परत गेली.

दलालताईनं मला जिन्यातच गाठलं. "मी खोटं बोलनू का?" तिनं विचारलं. "त्यासनी इचारं नही, मी सांगं नही." मी म्हटलं, याला आमच्यात फसवणूक म्हणतात. ती म्हणाली, "मंग तुम्हीच इका." गठ्ठा उचलला आणि गेली. मी तणतणत वर आले आणि यांना सगळं सांगितलं. हे ऐकता ऐकता हसू लागले. आजारानंतर तोंड जरा वाकडं झालंय, त्यामुळे हसणं आधी डाव्या बाजूला अडकतं आणि मग सुटतं.

"आपणही बुधवारीच आलो होतो," हे म्हणाले.

"काय?"

"हे घर बघायला. तूच म्हणाली होतीस, काय शांत आहे! गुरुवारी सामान आणलं आणि तू कपाळाला हात लावलास."

मी विसरले होते. आपली फसवणूक झाली होती हेसुद्धा माणूस विसरतो, फक्त त्यात तीस वर्षं राहावं लागतं.

तरी मी माझा हट्ट सोडला नाही. घर चालू दिवशीच दाखवायचं. ताई येईना, म्हणून मीच इमारतीत सांगितलं, ओळखीच्यांना फोन केले. जे आले ते कानावर हात ठेवून गेले. एकानं तर गॅलरीत उभं राहून मला काही विचारलं. मी उत्तर दिलं. त्याला ऐकू आलं नाही. त्यानं हात जोडले. नवरात्र उजाडलं. कोसाडचा मालक जावयाला दोनदा विचारून गेला. हे गॅलरीतली खुर्ची सकाळपासून धरून बसायचे, आणि मला कळत होतं की खरेपणा माझा आहे आणि कोंडवाडा यांचा. अशा वेळी स्वतःचा फार राग येतो. बुधवारची गिऱ्हाइकं परत बोलवावीत, असंही दोनदा मनात येऊन गेलं. फोनपर्यंत हातही गेला.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी दलालताई स्वतःच वर आली. मागे एक तरुण जोडपं. भिंतीपलीकडे यंत्रमाग दणदणत होते. ती बाई आत आली, ओटा बघितला, मागची खिडकी उघडली, थोडा वेळ ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाली, "इथं तर बोललेलं ऐकू येतंय."

कडोदऱ्याला ती दोघं कारखान्याच्या वरच्याच खोलीत राहत होती. मशीन पायाखाली. इथे निदान भिंतीपलीकडे. नवरा मागांवरच कामाला, आता त्याला इथे जवळच, लिंबायतला काम मिळालं होतं. ताईनं मला बाजूला घेतलं. गेले तीन आठवडे ती साड्यांचे गठ्ठे घेऊन फक्त अशाच घरांत फिरली होती, जिथे आवाज आधीपासून होता. "तुम्हना खरा घरले गिऱ्हाईक लागीन ना, ते शोधं," ती म्हणाली. खऱ्या घराला खरं गिऱ्हाईक. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. वयानं ती माझ्या मुलीएवढी. मी फक्त चहात साखर जास्त घातली.

बाना, म्हणजे इसार, दिला-घेतला, पेढ्यानं तोंडं गोड झाली. खरेदीच्या दस्तावेजाची तारीख ठरली आणि घर यांच्या नावावर आहे म्हणजे काय, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. सही, अंगठा, फोटो, सगळ्यासाठी यांना नोंदणी कचेरीत समोर हजर राहावं लागणार. अधिकारी घरी येऊ शकतो, पण त्याला अर्ज, डॉक्टरचा दाखला आणि वेळ, आणि दिवाळी पंधरा दिवसांवर.

ताई म्हणाली, "चार माणसं आनि एक खुर्ची. काय मोठं?" शेजारच्या कारखान्यात बीम उचलणारी माणसं आहेत. सुताचे भरलेले बीम खांद्यावर घेऊन दिवसभर अरुंद जिने चढतात-उतरतात.

मी एकदम नाही म्हणाले. जित्या माणसाला चौघांनी खांद्यावर घ्यायचं? आमच्यात ते एकदाच करतात. मी ते बोलूनही दाखवलं. हे खुर्चीतून म्हणाले, "तुला कुणी विचारलंय? मला बसायचंय त्यात."

चार ओडिया पोरं आली. जेवणाच्या टेबलाची हात असलेली खुर्ची घेतली, यांना गमछ्यानं पाठीशी बांधलं आणि निघाली. मी पुढे धावत दारं उघडी आहेत का बघत होते. प्रत्येक मजल्यावर लोक बाहेर येऊन उभे. दुसऱ्या मजल्यावरची म्हातारी यांना म्हणाली, "अवं, तुम्ही किती वाळले!" वळणावर ती पोरं खुर्ची अशी फिरवत होती, की यांचा पाय भिंतीला लागला नाही. किती वेळ लागला असेल? मी एक मजला घाबरते आहे तोवर ती खाली पोचलीसुद्धा.

खाली रिक्षा उभी होती. हे म्हणाले, "थांबा जरा." खुर्ची फाटकाशी, रस्त्याकडे तोंड करून ठेवायला सांगितली. भाजीची गाडी गेली, शाळेची पोरं गेली. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानं ओळखलं आणि धावत चहा आणला. हे बशीत ओतून प्यायले, थोडा शर्टावर सांडला. यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. कचेरीतली वेळ जवळ येत होती, पण ताईनंही घाई केली नाही.

मग यांनी त्यातल्या एका पोराला विचारलं, "वजन किती लागलं?"

"कुछ नहीं काका. बीम इससे भारी होता है." तो हसला. "हम तो बगल में ही रहते हैं. इतने दिन से ऊपर बैठे दिखते थे. एक आवाज दे देते, रोज शाम को उतार देते."

मी सुरतभर चौकशा केल्या होत्या. तीन दलाल तपासले होते, खोल्यांचे भाव विचारले होते, कुणाची सून कुठे बसून साडी करते तेही मला ठाऊक होतं. खिडकीतून ही पोरं मला रोज दिसत होती. आठ महिन्यांत मी हे एक कुणाला विचारलं नव्हतं. हे माझ्याकडे बघत होते. रागावलेले नव्हते, तेच मला जास्त लागलं.

"चल," हे म्हणाले. "शब्द दिलाय."

चौघांनी यांना रिक्षात बसवलं, मी शेजारी बसले, आणि आम्ही घर त्या दोघांच्या नावावर करून द्यायला निघालो.