चिंतामणरावांचे तीन डबे

चिंतामणरावांना घाणीची भारी किळस, आणि पोट मात्र घाणीवरच चालत होतं. सात रस्त्याजवळ एका डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत ते लेखनिक होते. तिथे रोग्यांच्या शौचाचे डबे यायचे. डॉक्टर ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे आणि हे महाशय नाकाला उपरणं लावून, लांबूनच नावं टिपायचे. घरी मात्र ‘आमचं संशोधन’ म्हणताना जीभ जरा अडखळेल तर शपथ!

साल १९३४. शहरात कित्येकांची आतडी वर्षानुवर्षं सुजलेली, शौचावाटे रक्त जायचं. माळावरच्या धनगरांत हे दुखणं दिसत नव्हतं. त्यांच्या पोटात काही चांगले जंतू असावेत, ते सापडले तर ताकात वाढवून रोग्यांना पाजावेत, असा डॉक्टरांचा विचार होता. पहिली वाटी यशोदाबाईंना द्यायची हेही ठरलं होतं. यशोदाबाई म्हणजे चिंतामणरावांची बायको. दोन वर्षं रक्त जाऊन बाई काडीसारखी झाली होती.

अशा वेळी नवऱ्याने पळत जायला हवं होतं की नाही? काम काय, तर अक्कलकोट रस्त्यावरच्या मेंढरांच्या तळावर तीन डबे द्यायचे आणि सकाळी भरलेले आणायचे. स्वारी गेली. मायाक्का नावाची म्हातारी लेंड्या भरत होती, ती तशाच हातांनी पुढे आली.

“द्या की हिकडं. सकाळच्याला भरून ठिवते.”

चिंतामणराव चार पावलं मागे सरले. आज हिच्या हाती डबे द्यायचे आणि उद्या भरलेले हिच्याच हातून घ्यायचे? छे!

“अवं रावसाब, डबं तरी ठिवून जावा!” म्हातारी ओरडत राहिली.

डबे आले थेट त्यांच्या परसात. “उद्या तिन्ही भरून ठेव, साहेबांना जास्त हवंय,” त्यांनी बायकोला फर्मावलं. स्वतःचं देणं त्यांच्या सोवळ्यात बसत नव्हतं. उभं राहवत नसतानाही त्या माउलीने डबे भरले, वरून धुऊन ठेवले. यांनी धनगरांच्या नावांच्या चिठ्ठ्या डकवल्या: बिरप्पा, येडू, सिदू. अक्षर काय सुंदर!

दोन दिवस डॉक्टर सूक्ष्मदर्शकापासून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते मटकन खुर्चीत बसले.

“चिंतामणराव, माझं सगळं चुकलं. धनगरांच्याही पोटात तेच रक्त, तेच जंतू. आता हे बंद. तुमच्या मंडळींना काय द्यावं, मला खरंच कळत नाही.”

एक वाक्य बोलायचं होतं. फार तर नोकरी गेली असती, चार लोक हसले असते. बायको कदाचित वाचली असती. थू असल्या सोवळ्यावर!

चिंतामणरावांनी घसा खाकरला आणि विचारलं, “मग वही मिटू ना, साहेब?”

घरी यशोदाबाई भिंतीला टेकून वाट पाहत होत्या.

“अहो, डबे उपयोगी पडले का?”

“पडले.”

“बरं झालं बाई. माझ्या दुखण्याचा कुणाला तरी उपयोग झाला,” त्या म्हणाल्या आणि भिंत धरत नवऱ्याचं पान वाढायला गेल्या.