साइबुआने हातावर लिहिलेली वेळ

थायलंडमधल्या मून नदीकाठच्या आमच्या गावात साइबुआ चौथीपर्यंत शिकलेली. थोडी भातशेती, रेशमाचे किडे आणि नवरा वान्नोप, एवढंच तिचं जग. एका सकाळी वान्नोपचं तोंड वाकडं झालं, पाय ओढायला लागला. वारं लागलं म्हणून आम्ही शेजाऱ्यांनी त्याचं अंग तेलाने चोळलं आणि झोपू दिलं. चोळणाऱ्यांत मीही होतो. दुसऱ्या दिवशी इस्पितळात नेलं, तेव्हा उशीर झाला होता. आठवड्याभरात तो गेला.

साइबुआने तिथल्या डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारलं, "कालच आणलं असतं तर?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. "कदाचित वाचले असते," म्हणाल्या.

वर्षभर ती कुणाशी धड बोलली नाही. मग एक दिवस उठून आरोग्य केंद्रात गेली आणि गावाची स्वयंसेविका झाली. रक्तदाब, साखर, डेंग्यू, कच्च्या मासळीतून पोटात जाणारे जंत, सगळं मोठ्या अक्षरात वहीत उतरवून घ्यायची आणि केंद्रातल्या परिचारिकेला पुन्हा पुन्हा विचारायची. दारोदार फिरून रांजणातल्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधायची. आम्ही तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणून चिडवायचो. ती हसून पुढच्या घरी जायची.

मी मासेमारीची जाळी विणतो. माझा रक्तदाब वाढलेला तिलाच सापडला. केंद्रातून गोळ्या मिळाल्या, त्या मी दोन महिन्यांत सोडून दिल्या.

"दुखत काहीच नाही, मग गिळू कशाला?" मी म्हणालो.

"पायात काटा गेला तर तुम्ही ओरडाल, दादा. हा दाब ओरडत नाही, आतल्या आत नासधूस करतो. गोळ्या घ्या, आणि ती खारवलेली मासळी कमी करा."

मी ऐकलं नाही.

पावसाळ्यातले व्रताचे महिने संपले, त्या दिवशी सकाळी सगळं गाव विहारात होतं. भिक्खूंच्या पात्रात चिकट भात घालताना माझ्या उजव्या हातातून घास निसटला. दुसरा घेतला, तोही पडला. माझी बायको लाम्दुआन रागावली, नीट लक्ष द्या म्हणाली. मला उत्तर द्यायचं होतं, पण जीभ जड झाली होती.

साइबुआ समोरच्या चटईवरून उठून आली.

"दादा, हसून दाखवा."

मी हसलो, म्हणजे मला तसं वाटलं. तिने दोन्ही हात वर करायला सांगितले. उजवा हात खाली आला. कुणीतरी तेल आणायला धावलं, कुणी म्हणालं, उपाशी आहे, जरा आडवं होऊ द्या. साइबुआ माझ्यापुढे उभी राहिली.

"कुणी तेल लावायचं नाही. पाणीसुद्धा पाजायचं नाही. गाडी बोलवा."

तिचा आवाज एवढा करडा मी कधी ऐकला नव्हता. मग तिने लाम्दुआनला विचारलं, पहिला घास पडला तेव्हा किती वाजले होते, आणि पेनाने माझ्या हातावर लिहिलं: सात वीस.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात पोचलो, तेव्हा डॉक्टरांनी आधी तो हात वाचला. डोक्याचा फोटो काढला. मेंदूतली रक्तवाहिनी गाठीने बंद झाली होती. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, कधी सुरू झालं ते ठाऊक नसतं तर आम्ही अडलो असतो, असं ते लाम्दुआनला म्हणाले. संध्याकाळी मी तिला नावाने हाक मारली, तेव्हा ती रडायला लागली.

आता मी चालतो, बोलतो. रोज गोळी घेतो. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी आळशी झाली आहेत.

घरी आलो तेव्हा, दुखण्यातून उठलेल्याचं भलं व्हावं म्हणून, रीतीप्रमाणे गावकऱ्यांनी माझ्या मनगटाला पांढरे दोरे बांधले. साइबुआ शेवटी आली. मी म्हणालो, आधी तू हात पुढे कर, तुला मी बांधतो. वान्नोपला तेल चोळणाऱ्यांत माझेही हात होते, हेही तिला सांगितलं.

"तेव्हा मलाही कुठे माहीत होतं, दादा," ती म्हणाली.

माझ्या त्या दोन बोटांनी गाठ काही बसेना. दोरा तीनदा सुटला. मनगट पुढे धरून ती शांतपणे बसून राहिली. लाम्दुआन मदतीला आली, तर साइबुआने मानेनेच नको म्हटलं. चौथ्या वेळी गाठ बसली.