घर दाखवा, फी घ्या

तुमचं स्वयंपाकघर तुम्ही कधी अनोळखी माणसांनी भरलेल्या हॉलला दाखवलं आहे का? पाहुणचार म्हणून नाही. तुम्ही खरोखर गरीब आहात की नाही, हे त्यांनी ठरवावं म्हणून.

मी हे होताना पाहिलं. आइंडहोवनमध्ये, एका शाळेच्या भाड्याने घेतलेल्या क्रीडागृहात. आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक स्नेहमेळावा होता. बास्केटबॉलच्या रेषांवर खुर्च्या मांडलेल्या. मागच्या टेबलांवर मसालेभात आणि मठ्ठा. समोर मोठा पडदा, आणि पडद्यावर नायजेरियातली एक मुलगी, इफेओमा. हातात मोबाइल धरून बोलत होती. मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. फी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत, एवढंच ती सांगत होती.

मंडळाचे अध्यक्ष माझ्याकडे वळले. त्यांना सगळे सर म्हणतात. माइक चालूच होता.

"अगं, तिला म्हणावं, जरा घर फिरवून दाखव. लोकांना कळू दे ना पैसे कुठे चाललेत."

कुणी दचकलं नाही. दोन-तीन माना हलल्या. बरोबर आहे, अशा.

तिला त्या पडद्यावर मीच आणलं होतं, म्हणून आधी ते सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पदवी सरकारी कॉलेजची. नवऱ्याच्या नोकरीमुळे नेदरलँड्सला आले. इथे ती पदवी मान्य व्हायला आधी डच भाषेची परीक्षा, मग विषयाची. तोवर अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम करते. आज्यांना अंघोळ घालते. सुजलेल्या पायांवर घट्ट मोजे चढवते. ब्लेसिंग मला तिथेच भेटली. नायजेरियातल्या एका विद्यापीठाची नर्सिंगची पदवी तिच्याकडे आहे. तीही मदतनीस. एखाद्या जड आजोबांना आम्ही दोघी मिळून खुर्चीत बसवायचो, तेव्हा ती म्हणायची, "बघ, एका माणसाला बसवायला दोन पदव्या लागल्या."

इफेओमा तिची धाकटी बहीण. घरात वडील नाहीत. आई बाजारात बसते. ब्लेसिंगचा इथला पगार महिन्याच्या सुरुवातीलाच तिकडे जातो आणि तिकडे संपतो. कारण तिथे डॉक्टर होणं म्हणजे नुसती वर्षाची फी नाही. प्रवेश पक्का करायची फी वेगळी. शवविच्छेदनाची वेगळी. हॉस्पिटलमधल्या पोस्टिंगची वेगळी. शेवटच्या परीक्षेची वेगळी. डॉक्टर झाल्यावर शपथ घ्यायचीसुद्धा वेगळी. हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, ब्लेसिंग थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती. मध्येच प्राध्यापकांचे संप झाले, वर्ग बंद राहिले, खोलीचं भाडं मात्र चालू राहिलं. आणि शेवटच्या वर्षात विद्यापीठाने फीच वाढवली. एका सूचनेनिशी. इतकी, की ब्लेसिंगने सुट्टीच्या दिवशीही ड्युट्या घेतल्या तरी पुरेना.

आमचं मंडळ दरवर्षी शिक्षण निधी गोळा करतं. एका गरजू विद्यार्थ्याला मेडिकलसाठी मदत. आजवर महाराष्ट्रातलीच मुलं असायची. मी इफेओमाचं नाव सुचवलं. सर म्हणाले, "चला, यंदा इंटरनॅशनल होऊ." मी खूश झाले. त्यांची अट एकच होती: मुलीने कार्यक्रमात व्हिडिओ कॉलवर यायचं. देणाऱ्याला चेहरा दिसला पाहिजे.

मी हो म्हटलं. चेहरा दाखवण्यात काय आहे, असं मला वाटलं.

कार्यक्रमाला ब्लेसिंग माझ्याबरोबर आली. हिरवा झगा, डोक्याला त्याच कापडाचा उंच फेटा. आम्ही पुढच्या रांगेत बसलो. सुरुवातीला गुणवंतांचा सत्कार झाला. पहिला मान सरांच्या मुलाचा. पुण्याजवळच्या खासगी कॉलेजात त्याला मेडिकलची सीट मिळाली होती. एनआरआय कोट्यातून. पडद्यावर त्याचा पांढऱ्या कोटातला फोटो. त्याच्या वतीने सरांनीच शाल आणि नारळ घेतला. त्या सीटचे पैसे कुठून आले, किती मोजले, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं नसतं. ते त्यांचं घरचं.

मग गरजूंची पाळी.

इफेओमा पडद्यावर दिसताच मागून एकाचा आवाज आला, "अरे, नायजेरियन प्रिन्स! माझ्या काकांना ईमेल पाठवून इस्टेट देणार होता तो!"

हॉल हसला. मनापासून हसला. ब्लेसिंगला मराठी येत नाही. पण त्यातले दोन शब्द तिला कळले, आणि हसू तर कुठल्याही भाषेत कळतं. तिने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले आणि पडद्याकडे पाहत राहिली.

"फोन बरा दिसतोय की तिचा," एक बाई म्हणाली.

"एवढी ओढाताण आहे तर मेडिकल कशाला? नर्सिंग करावं."

"तिच्या बहिणीने केलंच आहे ना नर्सिंग. ही बसलीय बघ."

आणि मग ते वाक्य. जरा घर फिरवून दाखव.

मी भाषांतर केलं नाही. मग सर स्वतःच इंग्रजीत म्हणाले, "बेटा, आम्हाला तुझं घर दाखवतेस? प्लीज."

इफेओमाने आधी पडद्यातून आम्हाला शोधलं असावं. तिला आम्ही दिसत नव्हतो. तिला एक अंधारा हॉल दिसत होता. मग तिने फोन वळवला.

भिंत. रंगाचे पोपडे. खिळ्याला टांगलेला पांढरा कोट, कडक इस्त्रीचा. जमिनीवर गॅसची छोटी शेगडी, बाजूला पुस्तकांची चळत. मग पलंगाची कड. तिथे तिची आई मांडीत परडी घेऊन कसल्यातरी बिया सोलत बसली होती. घरच्या कपड्यांत. खांदे उघडे. फोन आपल्याकडे येतोय हे कळताच ती परडीसकट उठली. बिया सांडल्या. तिने पलंगावरची चादर ओढून अंगावर घेतली आणि दाराआड व्हायला लागली. पण खोली एवढीशी, जायला जागाच नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलीने आईला डचमध्ये विचारलं, "ममा, ती आजी का लपतेय?"

तिच्या आईने तिला "शू" केलं.

मी उठले. टेबलावरचा लॅपटॉप बंद केला. पडदा निळा झाला.

"अगं, काय करतेस?" सर म्हणाले.

"बंद केलं."

"नेट गेलं का?"

"नाही. मी बंद केलं."

मंडळाच्या कार्यवाह वहिनी जवळ आल्या. चांगल्या आहेत तशा. मी नवीन असताना त्यांनीच मला सायकल चालवायला शिकवली. त्यांनी माझा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "असं नको करू. लोक पुढच्या वर्षी देणार नाहीत. फुकट शिकलेल्यांना कळत नाही गं, देणाऱ्याचं मन कसं असतं."

फुकट शिकलेले. म्हणजे मी. कुठल्या सीटवर शिकलीस, हा प्रश्न मला पहिल्याच हळदीकुंकवाला विचारून झाला होता. मी सांगितलं होतं. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"वहिनी," मी म्हटलं, "मला चांगलं कळतं. मी त्या पडद्याच्या पलीकडून आले आहे."

त्यांना ते समजलं नसेल. तुम्हाला सांगते.

माझे वडील नगरपालिकेत सफाई कामगार. रविवारी ते चळवळीची पत्रकं वाटायचे. घरात दुसरी पुस्तकं नव्हती. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. पिवळा कागद, फिसकटलेली शाई, आणि जवळजवळ प्रत्येकात दोन शब्द: हक्क आणि भीक. एक मागायचा, दुसरी नाकारायची. वडील मला मोठ्याने वाचायला लावायचे. विहारात, सगळ्यांसमोर. माझा आवाज खणखणीत होता.

कॉलेजची फी सरकारने भरली. तो हक्क. पण वसतिगृहातलं जेवण, पुस्तकं, हाडांचा संच, हे सगळं कुणी भरायचं? शहरातला एक ट्रस्ट होतकरू मुलांना मदत करायचा. मला सत्काराला बोलावलं. आईने बारावीच्या निकालाला शिवलेला आंब्याच्या रंगाचा ड्रेस मी घालून गेले. ट्रस्टच्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हा नको गं. फोटोत बरोबर वाटत नाही. शाळेचा युनिफॉर्म आहे ना जुना?"

वडील घरी जाऊन युनिफॉर्म घेऊन आले. सायकलवर. मी हॉलच्या संडासात कपडे बदलले. युनिफॉर्म बगलेत उसवलेला होता, म्हणून मी हात अंगाशी घट्ट धरून स्टेजवर उभी राहिले. सूत्रसंचालकाने वाचून दाखवलं, "हिचे वडील गटारं साफ करतात. तरीही ही मुलगी..." मग वडिलांनाही वर बोलावलं. पत्रकं वाटणारा तो माणूस. मला हक्क हा शब्द वाचायला शिकवणारा. तो हात जोडून उभा राहिला. कमरेत वाकून. मी त्याला तसं वाकलेलं त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. मेनहोलमध्ये उतरतानाही तो तसा वाकत नसे.

त्यानंतर त्यांनी मला पत्रक वाचायला कधी सांगितलं नाही. मीही मागितलं नाही. ते गेले तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. त्यांच्याशी तो विषय काढायचा राहिला तो राहिलाच. मला त्यांना सांगायचं होतं की तुम्ही वाकलात ते माझ्या हाडांच्या संचासाठी, हे मला ठाऊक आहे. सांगितलं नाही.

म्हणून मी लॅपटॉप बंद केला.

आइंडहोवनहून परत येताना ट्रेनमध्ये ब्लेसिंग खिडकीशी बसली. नवरा मंडळाची भांडी आवरायला मागे थांबला होता. उट्रेख्ट आलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू मला विचारलं नाहीस."

"ते तुझ्या आईला..."

"माझी आई आहे ती. मला दिसत होतं. इफेओमाने मोरी दाखवली असती. त्यांनी मागितलं असतं तर अंथरूण उलटं करून दाखवलं असतं. परीक्षा आहे तिची." मग तिने फेटा सोडला, घडी घालून पिशवीत ठेवला. "तू तुझा मान राखलास. आता फी कोण भरणार?"



मंडळाने ठरवलं की वातावरण बिघडल्यामुळे यंदाचा निधी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावा. आम्ही हातपाय मारले. मी माझ्या परीक्षेसाठी साठवलेले पैसे दिले. वृद्धाश्रमातल्या सुरीनामी आणि घानाच्या बायकांनी दिले. त्यांनी एकीनेही इफेओमाचा फोटो मागितला नाही. पैसे जमले. पण विद्यापीठाची मुदत उलटून गेली होती. तिच्या वर्गातली मुलं परीक्षेला बसली, ती बसली नाही. पुढची परीक्षा येईपर्यंत ती आता एका औषधाच्या दुकानात गोळ्यांची पाकिटं मोजून देते.

माझ्या नकाराची किंमत मी मोजली नाही. तिने मोजली. हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवते, कारण बंडाच्या गोष्टीत हे वाक्य बहुतेक वेळा गाळलेलं असतं.

मी तिला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं होतं. पण आधी तीच म्हणाली, "ताई, आई तुमचं नाव घेऊन प्रार्थना करते." मग म्हणाली, "पण पुढच्या वेळी आधी पैसे घ्या. मग बंद करा."

ती हसली. मला हसता आलं नाही. मी रडले, आणि ती पलीकडे तशीच फोन धरून थांबली. धीर द्यायचा होता मी, आणि देत होती ती.

आता एवढंच. मी पुन्हा त्या मंडळाच्या व्यासपीठावर जाणार नाही, आणि कुणाला नेणारही नाही. आम्ही वृद्धाश्रमातल्या काही जणी दर महिन्याला पैसे बाजूला काढतो. ज्याला लागतील त्याने फक्त कॉलेज कुठलं आणि फी किती, एवढं सांगायचं. आई काय करते, बाप काय करतो, भिंतीला रंग आहे की नाही, हे आम्ही विचारत नाही. कुणी आपणहून सांगायला लागलं तर थांबवतो. इफेओमाची पुढच्या परीक्षेची फी आधीच भरली आहे. मुदतीच्या आत.

वडिलांना जे सांगायचं राहिलं ते आता सांगून उपयोग नाही. पण कुणाच्याही बापाला माझ्या पैशासाठी वाकावं लागणार नाही, हे माझ्या हातात आहे. ते मी सोडणार नाही.

आणि तुम्हाला एक काम सांगते. तुम्ही ज्या मंडळाला, ट्रस्टला, माजी विद्यार्थी संघाला वर्गणी देता, त्यांना या आठवड्यात विचारा: मदत घेणाऱ्या मुलाला तुम्ही स्टेजवर उभं करता का? त्याचा फोटो छापता का? त्याच्या आईबापाचं काम माइकवर वाचता का? उत्तर हो आलं, तर वर्गणी थांबवा. तेवढेच पैसे त्या मुलाच्या कॉलेजात परस्पर भरा. पावती त्याच्या नावाने करा. तुमचं नाव त्याला कळू देऊ नका.