बाईंवरचा अर्ज

खुब्याच्या ऑपरेशननंतर घोट्याला बांधून पाय उचलायचा म्हणून मला वाळूची पिशवी दिली होती. तिच्यात मी मुरमुरे भरले.

सगळे मुरमुरे नव्हेत. वर मूठभर वाळू राहू दिली होती. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या हेडक्लार्कला एवढी अक्कल असते. पायाला व्यायाम देणाऱ्या बाईंनी मात्र पिशवी करंगळीवर उचलली, गाठ सोडली आणि टेबलावर उपडी केली. व्यायामाच्या खोलीत आम्ही सात-आठ जण होतो. सगळे वाकून पाहू लागले, म्हणजे ज्यांना वाकता येत होतं ते.

"काहून बाबूसाहेब, पायाले भूक लागते का तुमच्या?"

खोलीभर हशा. कळमना मार्केटचा एक हमाल पोत्यासकट ट्रकवरून पडला होता आणि त्याच्या खुब्यात सळई घातली होती. तो तर कॉट धरून हसला. बाईंनी वाळूतला एक मुरमुरा वेचला, फुंकला आणि तोंडात टाकला.

"नरम पडले," त्या म्हणाल्या.

त्या क्षणी मी ठरवलं, या बाईचा सूड घ्यायचा.

बाईंचं नाव सांगत नाही. त्यांच्या नावावर मी आधीच पुरेसा कागद खर्ची घातला आहे. नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात, तळमजल्याच्या शेवटच्या खोलीत त्या मोडक्या माणसांना चालायला शिकवत. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. घर कोष्ट्याचं. वडिलांनी आयुष्यभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबल्या आणि म्हातारपणी डोळे गमावले. "कॉलेजात हाडं शिकली मी," बाई म्हणायच्या. "पाय शिकली ते बापाजवळ."

तुमच्या-माझ्यासारख्याचा पाय त्या सरळ मांडीवर घेत. परक्या पुरुषाचा, घामट, भेगाळलेला पाय. एका हातानं खुबा दाबून धरत आणि दुसऱ्या हातानं पाय हळूहळू बाजूला नेत. मग ओरडा व्हायचा.

"दुखून राहिलं? मंग जिता हाय. मेलेलं दुखत नाई."

हमाल असो की कलेक्टर कचेरीतला साहेब, उत्तर एकच.

माझा खुबा कसा मोडला ते विचारू नका. विचारलंच, तर स्टँडवर उभ्या असलेल्या स्कूटरवरून पडून. जरीपटक्याच्या बाजारात बायको चादरी पाहत होती आणि मी स्कूटरवर बसून डुलकी काढत होतो. डॉक्टरांनी खुब्यात लोखंडी गोळा बसवला आणि बजावलं, "माझं काम झालं. चालणं आता बाईंच्या हातात. तीन महिन्यांत पाय मोकळा झाला नाही, तर काठी जन्माची."

माणसानं अशा वेळी पाय उचलावा. मी लेखणी उचलली.

लोक सुडासाठी काठ्या-कुऱ्हाडी काढतात. आमच्याकडे मसुदा होता. पलंगावर पडल्या पडल्या चार दिवस तो घासूनपुसून लखलखीत केला: "सदर कर्मचारी रुग्णास वेदना होत असल्याचे ज्ञात असूनही व्यायाम चालू ठेवतात. सबब रुग्णाने वेदना व्यक्त करताच व्यायाम तत्काळ थांबविण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती." आणि सवयीनं खाली "प्रत माहितीसाठी" लिहून चार वरिष्ठ कचेऱ्यांची नावं घातली. ती घातल्याशिवाय मला कागद पुरा झाल्यासारखा वाटतच नसे.

बायकोनं वाचून परत दिला. म्हणाली, "मस्त लिवलं. येवढा जोर पायात लावला असता त आतापर्यंत चालून राहिले असते."

पंधरा दिवसांत आदेश निघाला. माझीच वाक्यं, खाली मोठ्या डॉक्टरांची सही. बाईंनी तो काचेच्या चौकटीत घालून माझ्या कॉटसमोरच्या भिंतीवर टांगला. उभ्या हयातीत माझं लिखाण चौकटीत गेलं ते एवढंच. मला गुदगुल्या झाल्या.

त्या दिवशी बाईंनी माझा पाय मांडीवर घेतला. मी जरा अगोदरच ओरडलो, "आई गं!"

हात तत्काळ दूर.

"थांबली, साहेब."

"साहेब" म्हणाल्या! तीन दिवस मी जिंकलेल्या पैलवानासारखा कॉटवर पडून होतो. माझी वीस मिनिटं दोन मिनिटांत संपत. चौथ्या दिवशी शेजारच्या कॉटकडे लक्ष गेलं. हमालाच्या दातांत टॉवेल होता. डोळे लाल, मानेच्या शिरा तटतटलेल्या, आणि गुडघा इंच इंच वर येत होता.

"आवाज निघाला त मले थांबा लागते गा," बाई त्याला सांगत होत्या. "आदेश हाय. दाब टॉवेल."

मी खोलीभर पाहिलं. प्रत्येकाच्या उशाला टॉवेल. कुणाचा पंचा, कुणाचा उपरण्याचा तुकडा. सगळ्यांना बाईंनी घरून आणायला सांगितला होता. मला नाही.

तेव्हा कळलं, सूड एकट्या मलाच घेता येत होता असं नाही. माझ्याच वाक्यानं बाई मला झोडपत होत्या, तेही नियमात राहून.

"बाई, पाय जरा पुढे न्या ना."

"दुखते म्हणाले ना तुमी?"

"थोडंसं."

"आदेशात थोडंसं-जास्त असं काई लिवलं नाई, साहेब. वाचून पाहा, समोरच हाय."

हमाल वॉकर सोडून काठीवर आला, मग काठी सोडून भिंतीच्या आधारानं. माझा पाय मात्र तंबूच्या बांबूसारखा. एक टॉवेल आणायचा होता, फक्त एक. पण टॉवेल आणणं म्हणजे अर्ज मागे घेणं. त्या ऐटीत मी महिना घालवला. एकदा तर रुसून आठवडाभर गेलोच नाही. म्हटलं, पाहू कोण कुणाला बोलावतं.

कुणीच बोलावलं नाही. आठव्या दिवशी टॉवेल घडी करून पिशवीत घातला आणि सायकलरिक्षात "बाई, माझं चुकलं" हे वाक्य घोकत गेलो. मसुद्याविना म्हणायचं होतं, म्हणून जड जात होतं.

बाईंच्या स्टुलावर एक गोरागोमटा तरुण बसला होता. "या काका. दुखलं की लगेच सांगा हं," म्हणाला आणि खुब्यावर शेकाचा दिवा लावून मासिक वाचू लागला.

बाईंची बदली झाली होती, पार गडचिरोलीकडे. माझ्या चार प्रतींपैकी एक कुठल्याशा कपाटात निवांत पिकून बदलीचा हुकूम झाली होती. आंधळ्या बापाला हाताला धरून त्या दोन दिवसांपूर्वी निघून गेल्या होत्या. डॉक्टरांची तीन महिन्यांची मुदत त्याच आठवड्यात संपली. काठी अजून माझ्या हातात आहे.

हमाल शेवटच्या तपासणीला आला होता. तो चालत माझ्या कॉटपाशी आला, नुसता, मोकळ्या हातांनी.

"जायच्या दिवशी बाईनं सगळ्याईचे पाय घेतले," तो म्हणाला. "तुमाले दोनदा इचारलं. म्हणे, बाबूसाहेब आले नाई का आज? आज आदेश गेला चुलीत. वरडू दे कितीबी, त्याईचा पाय मोकळा करूनच जाईन. चार वाजेलोक थांबली गा तुमच्यासाठी. यष्टी चुकली तिची."

मी दिव्याखालून पाय ओढून घेतला. मग खिशातलं पेन काढलं.

"थांब," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता दुसरा अर्ज लिहितो. बाईंना परत आणतो."

हमालानं माझ्या हातातल्या पेनकडे पाहिलं.

"बाबूजी," तो म्हणाला, "तुमचा पाय काहून मोडला? हात मोडाले पाह्यजे होता."